गनीचाचांची सोळा पानं

कुरआनशरीफात साफ हुकूम आहे, की फार शंका घेऊ नका, काही शंका गुनाह असतात. हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरीसुद्धा १९९६ च्या रजब महिन्यात माझ्या वहीची अकरा पानं मी एकाच माणसावर शंका घेण्यात घालवली. आता ती पानं काढून वाचली की माझा मलाच राग येतो, आणि मधेच हसूही येतं. त्या माणसाबद्दल एका जागी नीट लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिते.

तो माणूस म्हणजे आमच्या खालच्या दुकानातले गनीचाचा, बुकबाइंडर.

बहरीनमधल्या मुहर्रकच्या जुन्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान इतकं अरुंद, की लांब टाका ओढताना त्यांचा हात दाराबाहेर यायचा. गल्लीतून जाणारा माणूस थांबायचा, हात आत गेला की पुढे जायचा. गाव आमच्याच बाजूचं, रत्नागिरीजवळचं कर्ला. एकोणिसाव्या वर्षी बोटीने बहरीनला आले. पहिली आठ वर्षं कुठल्याशा साहेब लोकांच्या क्लबात नोकरीला होते, एवढंच सगळ्यांना माहीत. काय काम करत होते, का सोडलं, कोणी विचारलं तर म्हणायचे, "खलास, ती गोष्ट जुनी झाली." माणूस आठ वर्षं गिळून बसतो तेव्हा तिथे काहीतरी असतं, असं माझं मत. ते मी वहीत तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे.

त्यानंतर मात्र बावीस वर्षं एकच काम. इथल्याच एका म्हाताऱ्या उस्तादाकडे ते बाइंडिंग शिकले. पाठ मोडलेले सिपारे म्हणजे कुरआनशरीफाचे सुटे भाग, मशिदीतली कुरआनशरीफं, ऑफिसांची रजिस्टरं. कुरआनशरीफ हातात घ्यायच्या आधी वजू करायचे, हात-तोंड-पाय धुवायचे, आणि काम संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. अरबी आणि उर्दू त्यांना येत होतं, मराठी कर्ल्याच्या शाळेत चौथीपर्यंत. इंग्रजीचं अक्षर नाही.

माझ्या वह्याही त्यांच्याच हातच्या. रजिस्टरांतून उरलेले कोरे कागद ते साठवायचे आणि वर्षाला दोन वह्या मला शिवून द्यायचे. निळं कापड, मेण लावलेला दोरा. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "बाय, तू कुठल्या बाजूनं लिहितेस?" मी म्हटलं, "मराठीत लिहिते, चाचा." "म्हणजे डावीकडून," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पहाटे फजरच्या नमाजानंतर घर झोपलेलं असतं तेव्हा मी त्या वहीत रोज लिहिते.

त्या उन्हाळ्यात त्यांचा अरबाब, म्हणजे अरब मालक, वारला. त्याच्याच नावावर दुकान होतं आणि गनीचाचांचा व्हिजाही. त्याच्या मुलांना तिथे कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा आणि थंड पेयांचं दुकान, काढायचं होतं. मुलं वाईट नव्हती. त्यांनी सांगितलं, "हज्जी, वर्ष संपेपर्यंत राहा, दुसरी जागा बघा, दुसऱ्याच्या व्हिजावर जायला आम्ही रिलीज देतो." पण एकोणपन्नास वर्षांच्या बाइंडरला कोण नवा व्हिजा देणार? चाचांची बायको केव्हाच वारली होती. कर्ल्याच्या घरात आता भाच्याचा संसार. "जाईन की," ते म्हणायचे, "पडवीत खाट टाकीन." हे ते ज्या आवाजात म्हणायचे, तो मला जिन्यावरून ऐकू यायचा.

फिजाचे अब्बा, म्हणजे माझे मालक ताहिर, इथल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आमची फिजाही त्याच शाळेत चौथीत. शाळेला त्या वर्षी लायब्ररीसाठी कायमचा बाइंडर ठेवायचा होता, शाळेच्या व्हिजावर. ह्यांनी गनीचाचांचं नाव घातलं. लायब्ररीच्या दीप्ती मिस साताऱ्याकडच्या, फार शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "माणूस चांगला असेल, पण मला काम बघायचंय. एक पुस्तक करून दाखवू दे. पुढच्या शनिवारी आणा."

एक पुस्तक. त्यावर चाचांचं इथे राहणं किंवा पडवीतली खाट.

पुस्तक फिजानेच निवडलं, कारण ते तिच्याच हातून सुटं झालं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रिकेटची लहान मुलांसाठी चित्रांतली गोष्ट. गोऱ्यांची मैदानं वेगळी, काळ्यांची वेगळी, आपल्यासारख्या सावळ्यांची आणखी वेगळी. पाण्याचे नळ वेगळे, बसायच्या पायऱ्या वेगळ्या. आमच्या रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं मागे केपटाऊनला गेली, म्हणून ह्यातलं थोडं मी लहानपणी ऐकलेलं होतं. पण फिजाला ते नवीन. तिने ते पुस्तक सहा वेळा घरी आणलं. उन्हाळ्यात गाडीत राहिलं आणि पाठीचा गोंद वितळून पानं मोकळी झाली.

त्यात एक मोठं चित्र होतं, समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून. डाव्या पानावर हिरवं मैदान आणि पांढऱ्या कपड्यांतले गोरे खेळाडू. उजव्या पानावर बाहेरची धूळ, आणि अगदी उजव्या कडेला टेकून उभा एक काळा मुलगा, अनवाणी. दोन्ही पानं जिथे मिळतात तिथे, बरोबर मधोमध, तारेचं कुंपण. फिजा त्या चित्राशी आली की पान उलटायची नाही.

पानांवर आकडे नव्हते. मी रबरबँड लावायच्या आधी मोजली. तसबीहचे मणी ओढायची सवय, हात मोजतोच. सोळा पानं.

"सोळाच्या सोळा परत आली पाहिजेत," फिजाचे अब्बा म्हणाले. "माझं नाव लागलंय त्यात."

रविवारी फिजाने पुस्तक खाली नेऊन दिलं. एका दुपारचं काम. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी घावन आणि चहा घेऊन खाली गेले. चाचा टेबलावर वाकले होते. मला बघताच त्यांनी टेबलावर फडकं ओढलं.

"झालं का, चाचा?"

"होतंय."

"अवघड जातंय का काही?"

"कडा कापून झाल्यात. शिलाई बाकी हाय." आणि हात फडक्यावर तसाच.

बावीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काम करणारा माणूस फडकं ओढतो? त्या वर्षी बहरीनमध्ये सरकारविरुद्धची पत्रकं आणि धरपकड चाललेली, दिवसही असे होते, की कागद झाकून बसलेल्या माणसाकडे कोणीही दोनदा बघावं. घावनाची थाळी ठेवून मी वर आले आणि वहीत लिहिलं: फडकं.

त्यात आणखी एक. फिजा शाळेतून आली की दप्तर टाकून खाली पळायची. चाचा तिला पुस्तक वाचायला लावत होते.

"काय विचारतात ते?" मी तिला विचारलं.

"मम्मी, ही आस्क्स टू मेनी क्वेश्चन्स."

"कशाबद्दल?"

"द बॉय. ओन्ली द बॉय."

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा गुरुवार. ती खाली गेल्यावर मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी राहिले. चोरून ऐकणंही मना आहे, हे मला ठाऊक होतं. मी उभी राहिले.

"हा आत का नाय जात?" चाचांचा आवाज.

"इट्स रिटन, चाचा. इथे बोर्डवर. व्हाइट्स ओन्ली."

"ते कळलं गो. पण गेट कुठे हाय?"

"देअर इज नो गेट."

"असतं. मागच्या बाजूला असतं. नोकरांसाठी. चित्र काढणाऱ्याने काढलं नाय." पान उलटल्याचा आवाज. मग, "आणि हा शेवटी जातो आत?"

"द लास्ट पेज. सगळे टुगेदर खेळतात."

"दाखव."

मी वर आले. मागच्या बाजूला गेट असतं, हे चाचांना काय माहीत? जे पुस्तक वाचता येत नाही त्यात चुका काढतात? लहान पोरीला रोज बसवून घेतात? एकेक ओळ वहीत गेली.

दुपार उतरताना असरच्या नमाजाला ते मशिदीत जायचे तेव्हा दुकान उघडंच टाकायचे. त्या गुरुवारी ते गेले आणि मी खाली उतरले. टेबलावर लाकडी शिकंजा, दोन फळ्यांमध्ये दाबलेली पानं. फळ्या न सोडता कडेवरून बोट फिरवून मी मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चौदा. वर जाऊन वजू केला, परत आले, तिसऱ्यांदा मोजली. शेजारचं फडकं उचलून बघायचं धाडस मात्र झालं नाही.

फिजाचे अब्बा आले तेव्हा मी दारातच होते.

"चौदा पानं आहेत. दोन नाहीत."

"नीट मोजलीस?"

"तीनदा. एकदा वजू करून."

"वजूचा आणि मोजण्याचा काय संबंध?"

"तुम्ही थट्टा नका करू. त्यांनी दोन पानं काढून ठेवलीत. फडक्याखाली. मी सांगते ना, त्या क्लबातली काहीतरी भानगड आहे. उगाच नाही माणूस आठ वर्षं गप्प बसत."

"त्यांना विचारलंस?"

"असं कोणी विचारून कबूल करतं?"

ते मोजे काढता काढता थांबले. "हुस्ना, शनिवारी माझ्या सहीने ते पुस्तक जाणार. पानं कमी निघाली तर त्यांचं तर जाईलच, माझंही तोंड काळं होईल. मग मी मिसना आधीच सांगतो, की ह्या माणसाची हमी मी घेत नाही. सांगू?"

मी म्हटलं, "सांगा."

एवढा एक शब्द. पडवीतली खाट मला तेव्हा आठवली नाही, असं नाही. आठवली होती.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर चाचा स्वतः जिना चढून आले. वर यायची त्यांची ती दुसरी की तिसरी वेळ. हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. "मोजून घे, बाय," म्हणाले आणि खाली गेले. म्हणजे मी मोजलं होतं हे त्यांना कळलं होतं की काय, ही नवी शंका.

मी मोजली. सोळा.

शिलाई अशी, की बघत राहावं. मरून कापड, कोपरे चामड्याचे. फक्त एकच गोष्ट. मी पुस्तक उघडायला गेले तर शेवटचा पुठ्ठा उघडला. पुस्तक उजवीकडून शिवलेलं होतं. सिपाऱ्यासारखं.

"अल्ला!" मी म्हटलं. "उलटं बांधलं."

फिजा धावत आली आणि तिने उजवीकडून पानं उलटायला सुरुवात केली. पानं त्याच क्रमाने येत होती, पण जे पान डावीकडे असायचं ते उजवीकडे, आणि उजवीकडचं डावीकडे. ती त्या मोठ्या चित्राशी आली आणि थांबली.

"मम्मी. ही इज इनसाइड."

मी बघितलं. मधोमध होतं ते तारेचं कुंपण दोन तुकडे होऊन दोन्ही बाहेरच्या कडांना गेलं होतं. मैदानाचं पान आता उजवीकडे. आणि कडेला उभा असणारा मुलगा आता बरोबर मधे आला होता, शिलाईशी, आणि पलीकडच्या पानावरच्या एका गोऱ्या खेळाडूच्या पाठीला त्याची पाठ लागली होती. एकाच टीमचे दोघं दमून एकमेकांना टेकले असावेत, तसे. तार सगळ्यांच्या बाहेर.

फिजाचे अब्बा म्हणाले, "हात सवयीने गेला असेल. बावीस वर्षं अरबी काम. माणूस चुकतो."

मी "हो" म्हणणार होते. मग मला कपाटातल्या माझ्या वह्या दिसल्या. चार वर्षं, आठ वह्या. सगळ्या डावीकडून. एकही उलटी नाही.

एक वही आणि ते पुस्तक घेऊन मी खाली गेले. दोन्ही त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली.

"चाचा, ही चूक नाय."

ते वहीकडे बघत राहिले. वरून विमान गेलं. विमानतळ शेजारीच, म्हणून विमान जाईपर्यंत बोलायचं नाही ही मुहर्रकची रीत.

"मी गुरुवारी पानं मोजली," मी म्हटलं. "चौदा होती. मला वाटलं तुम्ही दोन ठेवून घेतलीत."

"दोन फडक्याखाली होती. बघत होतो."

"काय बघत होतात?"

"कडा कापून सगळी पानं टेबलावर टाकली होती. ती दोन उचलून ठेवताना इकडची तिकडे झाली. ती मात्र चूक, खुदाची कसम. बघतो तर तार गेली बाहेर आणि पोरगा आत." त्यांनी सुई मेणाच्या गोळ्यात टोचून ठेवली. "दोन दिवस बघत बसलो. मग म्हटलं, शिवून तर बघू."

"का पण?"

तेव्हा पहिल्यांदा ते त्या आठ वर्षांबद्दल बोलले. सगळं मिळून दहा वाक्यंसुद्धा नसतील. क्लबाच्या मैदानावर ते मॅट अंथरायचे, खिळे ठोकायचे. संध्याकाळी नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचे. "दांडी उडवली की हसायचे. गुड बॉल, गनी, म्हणायचे." शुक्रवारी मॅच असली की मॅट ठोकून मागच्या गेटाने बाहेर. बॉल तारेशी आला तर खालून सरकवायचा, हातात द्यायचा नाही.

"एकदा त्यांचा एक माणूस आला नाय. दहाच जण. कॅप्टनने तारेकडे बघितलं, माझ्याकडे. मी चप्पल काढली. अनवाणी मी बरा टाकायचो. मग त्याने मान फिरवली आणि दहाच जण खेळले."

"तुम्हाला राग आला असेल."

"राग कसला? चप्पल परत घालावी लागली, तेवढंच. सगळे बघत होते ना."

पण पुस्तक समोर पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

"चाचा, ज्या हाताने कुरआनशरीफ शिवता त्या हाताने दुसऱ्याच्या किताबाची पानं फिरवायची? ते बरोबर नाय. आणि तुमचा व्हिजा? तो ह्या पुस्तकावर आहे!"

"माहीत हाय. मिसला वाटेल, म्हाताऱ्याचा हात चुकला. चुकीला माफी असते."

"म्हणजे वर खोटंही." मला आता सुचत गेलं. "आणि कशाला? तो जातोच ना आत. शेवटच्या पानावर. लिहिणाऱ्याने नेलंय त्याला. मग तुम्ही मधेच नेलंत तर शेवटचं पान कशाला?"

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "शेवटचं पान काढ. नीट बघ."

काढलं. काळी, गोरी, सावळी पोरं एका मैदानावर, नव्या बॅटी, नवे बूट.

"ही पोरं वेगळी," चाचा म्हणाले. "चाळीस-पन्नास वर्षांनंतरची. तो पोरगा कुठे हाय त्यात?"

मी चेहरा न् चेहरा बघितला. तो नव्हता. मी ते पुस्तक इतक्या वेळा हाताळलं होतं, फिजाने सहा वेळा आणलं होतं. आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

दारात फिजा उभी होती, केव्हापासून कोण जाणे. "डोन्ट चेंज इट, चाचा," ती म्हणाली. "प्लीज."

चाचांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पातं उचललं. "तुझी आई बरोबर बोलते, बाय. लिहिलंय तसंच बांधायचं. आपलं काम तेवढंच." आणि एका ओढीत दोरा कापला. फिजा रडत वर पळाली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला वाटतं अजूनही ते ती पुरतं विसरलेली नाही.

दिवस मावळायच्या, मगरिबच्या आत त्यांनी पुस्तक डावीकडून शिवलं. पण पहिल्या शिलाईची भोकं प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला राहिली होती, एका ओळीत.

"ही कापून टाका," मी म्हटलं. "दोन सूत कापलं की संपलं. दीप्ती मिस भिंग लावून बघतील."

ते पातं घेऊन बसले, पट्टी लावली, आणि तसेच थांबले. मी वाकून बघितलं. पट्टीची कड त्या मुलाच्या पाठीवरून जात होती. तो कागदाच्या इतका कडेला काढलेला, की भोकं कापायची तर त्याचा खांदा आणि टाच जाणार.

"हे नाय व्हायचं माझ्या हातून," चाचा म्हणाले. "राहू दे भोकं. मिसला सांग काय सांगायचं ते. मी कर्ल्याला जाईन."

रात्री मी फिजाच्या अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता हमीचं मी काही बोलत नाही. पुस्तक तू घेऊन चल. तुझी शंका, तूच निस्तर."

शनिवारी पहिल्या तासाला मी ह्यांच्याबरोबर लायब्ररीत उभी होते. दीप्ती मिसनी पुस्तक उघडलं, मिटलं, पाठ दाबून बघितली, पानं मोजली. सोळा. चेहरा खुलला. मग अंगठा उजव्या कडेवरून फिरला आणि थांबला.

"अहो फिजाच्या आई, ही भोकं कसली?"

"आधी उलटं शिवलं होतं, मिस. मग उसवून सरळ शिवलं."

"उलटं? चुकून ना?"

फिजाच्या अब्बांनी घसा खाकरला. मला कळलं ते काय म्हणताहेत. एक "हो" म्हटलं की झालं. चुकीला माफी असते. दोन दिवसांपूर्वी मी ह्याच माणसाविरुद्ध खात्री नसताना "सांगा" म्हटलं होतं. आता खात्री होती, आणि खोटं "हो" म्हणायला जीभ उचलत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "जाणून." आणि ते चित्र काढून दाखवलं, कोणतं पान कुठे गेलं होतं, तार कुठे गेली होती. मॅट, नेट, मागचं गेट, चप्पल, सगळं सांगितलं. भोकं कापली असती तर पट्टी कुठून गेली असती तेही बोट ठेवून दाखवलं.

मिस बराच वेळ त्या मुलाच्या टाचेकडे बघत होत्या.

"म्हणजे हा माणूस स्वतःच्या मनाने पानं फिरवतो," त्या म्हणाल्या.

"एकदाच फिरवली. परत लावली."

"लावायला तुम्ही सांगितलंत म्हणून. तुम्ही नसता बघितलं तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी शेवटचं पान काढलं आणि एकेका पोराच्या चेहऱ्यावर बोट ठेवत गेल्या, जशी मी गेले होते. "खरंच नाहीये की हो तो," असं स्वतःशीच म्हणाल्या.

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. बुधवारपर्यंत काही निरोप नव्हता. ते पाच दिवस मी खाली उतरले की चाचांच्या दुकानाकडे न बघता पुढे जायची. बुधवारी फिजाचे अब्बा निरोप घेऊन आले. मिसनी व्हिजाच्या फॉर्मवर सही केली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात अट घातली होती: प्रत्येक पुस्तक पानं मोजून द्यायचं, पानं मोजून घ्यायचं, आणि शिलाईच्या आधी पानांचा क्रम त्यांना दाखवायचा. "त्यांचा विश्वास नाही बसलेला," हे म्हणाले. "पण म्हणाल्या, ज्याने पोरगा कापला नाही तो माझ्या पुस्तकांना पातं जपून लावेल."

मी चाचांना अट वाचून दाखवली. "मोजू दे," ते म्हणाले. "तू नाय का मोजलंस?" तोंडावर बोलले. मी मान खाली घातली. मग म्हणाले, "घावन पुन्हा कधी करणार?"

वर्ष संपायच्या आत दुकानाचं कोल्ड स्टोअर झालं आणि त्यांचा शिकंजा शाळेच्या लायब्ररीत गेला. फिजा मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसते, त्यांना वाचून दाखवते. घरी मात्र त्याबद्दल एक शब्द सांगत नाही.

ही नवी वही त्यांनी रजबनंतरच्या शाबान महिन्यात पाठवली. निळं कापड, डावीकडून शिवलेली. पण प्रत्येक कोऱ्या पानाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक भोकांची एक ओळ आहे. आधी उलटी शिवली आणि मग उसवली की काय? का माझी थट्टा केली? मी अजून विचारलेलं नाही. रोज फजरनंतर वही उघडते, कडेवर बोट फिरतं, आणि मी भोकांच्या अलीकडेच ओळ संपवते.